आजोबांनी अधिवेशन पाहिले नव्हते

गेली सहा-सात वर्षे मी खानदेशातील शालेय इतिहास प्रकल्प स्पर्धांना परीक्षक म्हणून जात आहे, आणि हाती पडणारी गुणपत्रिका पाहून दर वर्षी माझी चिडचिड होते. मांडणी व सजावट तीस गुण, तोंडी सादरीकरण तीस, विषयाची निवड वीस आणि ‘संदर्भ’ या रकान्याला अवघे दहा (उरलेले दहा ‘एकूण प्रभाव’ नावाच्या, मला अद्याप न उमगलेल्या गोष्टीला). असा हिशेब असताना मुलांनी सगळा वेळ थर्माकोल कापण्यात घालवला, तर त्यांना बोल कसा लावावा? पहिल्या वर्षी मीही फसलो होतो. लळिंग किल्ल्याच्या एका देखण्या प्रतिकृतीला मी पहिला क्रमांक दिला आणि पंधरवड्याने स्टेशनरीच्या एका दुकानात, ‘प्रकल्प तयार करून मिळतील’ या पाटीखाली, तिचीच जुळी बहीण मांडलेली पाहिली.

तेव्हापासून मी प्रत्येक टेबलापाशी एकच प्रश्न विचारतो: ‘हे तुला कशावरून कळले?’ नंदुरबारच्या बालहुतात्मा शिरीषकुमारवर दर वर्षी तीन-चार प्रकल्प असतात. ९ सप्टेंबर १९४२ ही तारीख आणि त्याच्यासोबत गोळीबारात गेलेल्या लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम यांची नावे मुलांना तोंडपाठ असतात. परंतु मजकूर इतका एकसारखा असतो की चुकलेली वेलांटीसुद्धा सर्वांची एकाच शब्दावर चुकलेली असते.

चाळीसगावकडच्या एका गटाने ‘भास्कराचार्य पाटणचेच’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखातून कळते ते हे की, गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तेथे मठ स्थापला. त्यावरून आजोबांचे गाव ठरत नाही. हे सांगितल्यावर त्यांच्यातला एक मुलगा थोडा वेळ फलकाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मग सर, बहुधा लिहू का?’ त्या ‘बहुधा’साठी कोणत्या रकान्यात गुण द्यायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

मागील वर्षी यावल तालुक्यातील आठवीच्या एका मुलीने फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनावर प्रकल्प केला होता. डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, नंदलाल बोस यांनी केलेली सजावट, हे सर्व होतेच. पण तिने स्वतःच्या आजोबांची मुलाखतही घेतली होती. ‘मी पाह्यलं’ असे म्हणत आजोबांनी गर्दीचे रसभरीत वर्णन केले होते. मुलीने ते त्यांच्याच बोलीत उतरवले, मग त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधला आणि त्यावरचे जन्मसाल १९३९ पाहून वहीत लिहिले: ‘आजोबा तेव्हा जन्मलेले नव्हते. हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकले असावे.’ मुलाखत तिने काढून टाकली नाही. ‘पाहिलेले’ या मथळ्याखालून उचलून ‘ऐकलेले’ या मथळ्याखाली ठेवली.

ज्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुन्या कागदपत्रांची दप्तरे गोळा केली आणि १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला, त्यांच्या मुलखातील परीक्षकांना ही एक कृती पुरेशी वाटायला हवी होती. माझे सहपरीक्षक मात्र अडून बसले. त्यांचे म्हणणे असे की, साक्षीदार खोटा ठरला तर साक्ष वगळावी. शिवाय कार्डशीट चुरगळलेले होते. माझे म्हणणे असे की, आजोबा खोटे बोलत नव्हते, घरात शंभरदा ऐकलेली गोष्ट त्यांची स्वतःची झाली होती, आणि अधिवेशन त्या घरात किती खोल रुजले याचा तोच पुरावा होता. अर्धा तास वाद घातल्यावर तिला तिसरा क्रमांक मिळाला.

बक्षीस समारंभाला आजोबा आले होते. चहाच्या वेळी ते माझ्या त्याच सहपरीक्षकांना अधिवेशनातली गर्दी हात पसरून दाखवत होते, आणि नात शेजारी प्रशस्तिपत्र धरून गप्प उभी होती.