दीडचा भाव आणि ६७ टक्क्यांची थाप

‘भाव वाचायला शिका, घरबसल्या कमवा’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. माझ्या भाच्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर मलाच ऐकवलं, “मामा, हा जुगार नाही, गणित आहे.” कॉमर्सला आहे म्हणे. बरं, मग गणितच करू.

फॉरवर्डचं म्हणणं असं: क्रिकेटच्या अ‍ॅपवर १.५० भावाचा (जिंकलात तर रुपयाला दीड रुपया परत) संघ निवडा, तो ६७ टक्के जिंकतोच. आपला अंदाज भावातल्या टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच लावा. हरलात तर पुढच्या मॅचला दुप्पट लावा, सलग तीनदा कुणी हरत नाही. अमेरिकन पद्धतीत उणे आकडा दिसला तर पैसे कापले जातात, म्हणून तो फॉरमॅट टाळा. आणि सुप्रीम कोर्टानं परवानगी दिलीय, तेव्हा घाबरू नका.

उण्याचं आधी उरकतो. अ‍ॅपवरचा १.५०, लंडनचा १/२, अमेरिकेचा -२०० आणि आपल्याकडच्या बुकीचे ‘५० पैसे’ हा सगळा एकच भाव. २०० लावा, जिंकलात तर वर १०० मिळतील. उणे चिन्हानं कुणाचा रुपयाही कापला जात नाही.

आता ६७ टक्के. १०० भागिले १.५० म्हणजे ६६.६७, हे सूत्र बरोबर आहे, एवढं मान्य करावं लागेल. पण हा आकडा त्या संघाची ताकद सांगत नाही, दुकानदारानं लावलेली किंमत सांगतो, आणि त्यात त्याचा नफा आधीच धरलेला असतो. समोरच्या संघाचा भाव बघा ना! समजा तो २.५० आहे, म्हणजे ४० टक्के. बेरीज १०६.६७. एका मॅचमध्ये १०० टक्क्यांहून जास्त शक्यता येते कुठून? समजा पहिल्या संघावर लोकांनी १००० रुपये लावले आणि दुसऱ्यावर ६००. कुणीही जिंको, वाटायचे १५००च. गोळा झाले १६००. शंभरची नोट बुकीच्या खिशात, टॉस व्हायच्या आधीच. हा नफा दोन्ही बाजूंनी सारख्याच प्रमाणात काढून टाकला तर ६७चे उरतात ६२.५ टक्के. आणि खरोखर ६६.६७ टक्के वेळा जिंकलात तरी हाती शून्य: शंभराच्या ३० डावांत २० जिंकून १००० कमावले, १० हरून १००० घालवले.

मुंबईकराला हे नव्यानं सांगायला लागावं याचंच आश्चर्य वाटतं. मटक्यात अंक दहा, सिंगलला म्हणजे एकाच अंकावर लावायला भाव एकास नऊ. तिथला दहावा रुपया कुणाचा, हे गिरणगावात शाळा न शिकलेल्यालाही ठाऊक होतं.

पण खरा कहर आहे तो ‘दुप्पट लावा’मध्ये. लिहिणाऱ्यानं स्वतःचाच भाव घालून हिशेब करून पाहिलेला नाही. १०० लावले, हरलात. पुढे २०० लावले आणि जिंकलात, तर १.५०च्या भावानं वर मिळाले १००. म्हणजे फक्त बरोबरी. सलग दोनदा हरलात तर गेले ३००. मग ४०० लावून जिंकलात तरी मिळणार २००. जिंकूनही शंभरचा खड्डा! तीनदा हरलात तर गेले ७००. ८०० लावून जिंकल्यावर आले ४००, म्हणजे खड्डा ३००चा. जितका उशिरा जिंकाल तितकं जास्त नुकसान, असली ही युक्ती. दुपटीनं वसुली व्हायची तर भाव निदान २.०० हवा. आणि ‘सलग तीनदा कुणी हरत नाही’ हे वाक्य तर निव्वळ बकवास. वरच्या ६२.५ टक्क्यांनी कुठलेही तीन डाव घ्या, साधारण एकोणिसात एकदा तिन्ही जातात.

‘आपला अंदाज भावातल्या टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच लावा’ ही ओळ मात्र खरी आहे. फक्त तो अंदाज काढायचा कसा, यावर फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.

राहिलं सुप्रीम कोर्ट. तो १९९६चा निकाल घोड्यांच्या शर्यतीबद्दलचा आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचं त्यावरून बोला, क्रिकेटच्या अ‍ॅपचं नाही. उलट ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. आणि फॉरवर्डच्या तळाशी जी लिंक आहे ना, तिच्या शेपटीला लिहिणाऱ्याचा रेफरल कोड आहे.