खुर्ची अचानक मिळते तेव्हा

ध्यानीमनी नसताना कंपनीची धुरा अंगावर पडली, तर पहिल्या दिवसापासून आत्मविश्वास दाखवावा, असं तुमच्या लेखात म्हटलंय. मला ते अजिबात पटलं नाही. कॅथरीन ग्रॅहम यांचंच बघा. १९६३ मध्ये पतीच्या निधनानंतर 'वॉशिंग्टन पोस्ट' हे अमेरिकी वृत्तपत्र काढणाऱ्या कंपनीचा कारभार त्यांच्याकडे आला. कंपनी चालवण्याचा अनुभव नव्हता, बैठकांमध्ये बहुतेक वेळा त्या एकट्याच बाई. त्या विचारत राहिल्या, शिकत राहिल्या. १९७१ मध्ये पेंटागॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलची अमेरिकी सरकारची गुप्त कागदपत्रं, छापायची की नाही, हा प्रश्न घरी समारंभ चालू असताना फोनवर आला. कंपनीचे शेअर त्याच आठवड्यात बाजारात आले होते, वकील नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, छापा.

मधली आठ वर्षं कुणी मोजत नाही! ताळेबंद कळत नसेल तर हिशेब बघणाऱ्याला शेजारी बसवून ओळ न ओळ समजून घ्यावी. त्यात कसला आलाय कमीपणा? नुसता आव आणला तर हाताखालची माणसं खरी अडचण सांगायचीच बंद होतात, आणि ते फार महागात पडतं.

कालपर्यंत बरोबरीने काम करणाऱ्यांना आज काम कसं सांगायचं, यावरही कृपया लिहा. अशा जागी नव्याने बसलेल्यांना त्याची फार गरज आहे.