चर्चगेटला जॅझ, ठाण्याला धाड

मुंबईच्या जुन्या जॅझचा विषय निघाला की लोकांचे आवाज कसे मऊ होतात बघा. चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड. गेलॉर्ड, अॅम्बॅसेडर, अॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस. ट्रम्पेट घेतलेला ख्रिस पेरी आणि माइकसमोर तरुण लोर्ना. यावर पुस्तकं झाली, माहितीपट झाले, 2014 मध्ये एक झकास कोंकणी सिनेमाही आला. व्हायलाच हवा होता. पण लोक पीत बसलेत आणि समोर कुणीतरी जीव ओतून गातंय, हाच प्रकार ठाणे, मुलुंड, चेंबूर, वाशीच्या ऑर्केस्ट्रा बारमध्ये झाला की त्यावर पुस्तक निघत नाही. बातमी येते. तीन ओळींची, धाडीची.

हे आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या वागळे इस्टेटमधल्या जुन्या कंपनीतला एक मित्र नुकताच निवृत्त झाला. शाल, श्रीफळ, साहेबांचं लांबलेलं भाषण, कागदी प्लेटमध्ये सामोसा आणि वेफर्स. ते उरकल्यावर तो आमच्या कानात म्हणाला, "चला रे, आपल्या जागी जाऊन बसू." आपली जागा म्हणजे कोणती, ते कुणाला विचारावं लागलं नाही.

नव्वदच्या दशकात पगाराच्या शुक्रवारी आम्ही तिथे जायचो. बाहेर काळी काच, आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसायचं नाही, आणि एसी असा की जूनमध्ये स्वेटर आठवावा. ओल्ड मंकची क्वार्टर तिघांत, सोडा, मसाला पापड, आणि पुन्हा पुन्हा मागून घेतलेले फुकटचे चणे-शेंगदाणे. समोर फूटभर उंचीचं स्टेज. त्यावर कीबोर्ड, बेस गिटार, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), तुंबा हा हातांनी वाजवायचा उंच ढोल आणि कडेला खुर्च्यांवर बसलेल्या गायिका. एक पुरुष गायक. हा सगळ्यात कष्टाळू माणूस, कारण त्याला आठ वाजता मुकेश, नऊला रफी आणि गर्दी चढली की किशोर व्हावं लागे.

फर्माइश चिठ्ठीवर जायची. चिठ्ठीसोबत नोट. वेटर ती ट्रेमध्ये ठेवून स्टेजपर्यंत न्यायचा. दहाच्या नोटेवर अंतरा एकच, पन्नासच्या नोटेवर पूर्ण गाणं, असा आमचा अंदाज होता. आम्ही दहावालेच. तरी कीबोर्डवाल्या काकांनी आम्हाला कधी अर्धं गाणं ऐकवलं नाही. (काका म्हणजे तेव्हा चाळिशीचे असतील. आम्हाला सगळेच काका वाटायचे.)

त्या काकांकडे बघत बसणं हा माझा खरा कार्यक्रम असायचा. गायिका माइककडे वळता वळता नुसतं "काळी चार" म्हणायची आणि काका मूळ रेकॉर्डच्या स्वरातलं गाणं तिच्या पट्टीत उचलून इंट्रो सुरू करायचे. कीबोर्डची पट्टी आपोआप बदलणारं ट्रान्सपोजचं बटण न दाबता. मूळ गाण्यात साठ व्हायोलिनं असोत, मँडोलिन असो, बासरी असो, ते सगळं काकांच्या दहा बोटांत. समोरच्या टेबलावर कुणी भांडतंय, कुणी चिकन चिलीची हड्डी चघळतंय, आणि हा माणूस अंतऱ्यामागची एक बारीकशी काउंटर मेलडीही सोडत नाहीये. कुणासाठी? मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही नीट सांगता येणार नाही.

एकदा शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी मराठी भावगीत मागितलं. हॉलमध्ये जरा हशा झाला. त्या मुलीने मात्र डोळे मिटून, संथ लयीत, एकही हरकत न चुकवता ते म्हटलं. शिकलेला गळा होता, अगदी उघड कळत होतं. गाणं संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही, अशी सगळ्यांची पंचाईत. बारमध्ये टाळ्या कोण वाजवतं? नोट देतात.

माझा मुद्दा इथेच आहे. आपण त्यांना पैसे दिले, पण संगीतकार म्हणून कधी धरलंच नाही. वास्तविक हिंदी सिनेमाचं कितीतरी संगीत याच कामातून आलेलं आहे. चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा अँतोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये बँड घेऊन वाजवायचा आणि आपल्या सी. रामचंद्रांचा सहायकही होता. 1951 च्या 'अलबेला'मध्ये भगवानदादा नाचतात तिथे हा आणि त्याचे वादक पडद्यावर दिसतात. हॉटेलात पिणाऱ्यांसमोर ट्रम्पेट वाजवणारा माणूस त्याने हलका ठरला नाही. मग ऑक्टोपॅडवालाच हलका का?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पत्ता आणि बिल.

कायद्यानेही हाच भेद केला होता. 2005 मध्ये, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, राज्यात डान्स बार बंद झाले. त्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट, जिमखान्यांनाही सूट. म्हणजे तोच नाच महागड्या गालिच्यावर झाला तर चालेल. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, आणि हा भेद टिकणारा नाही हे त्यात आलंच. आमच्या जागी नाच कधीच नव्हता, पण झळ लागायची ती लागली. घरचे विचारू लागले, "म्हणजे नक्की कुठल्या बारला जाता?" ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर तर चार बायका आणि चार पुरुष असा हिशेब असायचा. पाचवी गायिका उभी राहिली की गुन्हा. कलावंत एकूण आठ ठेवा, पण त्यात बायका किती आणि पुरुष किती हे सरकारने सांगू नये, असं सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं, तेही 2022 मध्ये.

आणि हे सगळं अशा राज्यात, जिथे 1949 चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे आणि कागदोपत्री प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांना, जन्मभराचा हजारात, आणि कारण काय तर प्रकृतीसाठी. आमची प्रकृती त्या काळात फारच नाजूक होती म्हणायची.

आता कुणी म्हणेल, तू फार गोड चित्र रंगवतोयस. बरोबर आहे. त्या खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्याच मुली गाणाऱ्या नव्हत्या, हे आम्हाला दिसत होतं. काही ठिकाणी गाण्याच्या आडून काय चालायचं तेही ऐकून होतो. मुलींना फसवून आणलं जायचं, त्यांचे पैसे दुसरेच खायचे. धाडी सगळ्याच खोट्या नव्हत्या. पण धाडीनंतरच्या फोटोत ओढणीने तोंड झाकून बसलेल्या बायकाच असायच्या. मालक नाही, आणि आमच्यासारखी गिऱ्हाइकं तर नाहीतच. आम्ही मागच्या दाराने निघून दुसऱ्या दिवशी पेपरात वाचणार.

तर त्या दिवशी गेलो. बार आहे. काळी काच आहे, एसी तसाच. बिलात दारूवर दहा टक्के व्हॅट आहे; 2023 च्या नोव्हेंबरपासून तो पाचाचा दहा झाला. आमच्या निवृत्त मित्राने तेवढ्यावर पाच मिनिटं भाषण केलं, साहेबांपेक्षा बरं. चणे-शेंगदाणे आता मागितल्याशिवाय येत नाहीत. स्टेजवर दोन गायिका, एक गायक आणि एक लॅपटॉप.

लॅपटॉपवर ट्रॅक. वाद्यं सगळी त्यात, सुरात, तालात, एक मात्रा इकडची तिकडे नाही. ऐकायला वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण एक गायिका दुसऱ्या अंतऱ्याला श्वास घ्यायला जरा थांबली आणि ट्रॅक पुढे निघून गेला. पूर्वी काका अशा वेळी एक आवर्तन फिरवून तिची वाट बघायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं गाणं असंच बांधलेलं आहे. तिने मात्र धावत जाऊन ओळ गाठली आणि कसनुसं हसली. हॉलमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

मालकांचीही बाजू आहे. परवान्याची फी, कर, भाडं, गाण्यांच्या हक्कांचे पैसे, आणि वर चार वादकांचे पगार? आम्हीच महिन्यातून एकदा दहाची नोट घेऊन जाणारे. वादक काढून टाकले म्हणून हळहळायचा अधिकार आम्हाला किती, हा प्रश्नच आहे. तरी वाटतं की सरकारला दारूतून एवढा महसूल मिळतो, तर जिथे खरोखर माणसं बसून वाजवतात तिथे फीमध्ये थोडी सवलत द्यायला काय हरकत आहे? नाटकांना अनुदान देतोच की. हे बोललो तर टेबलावर सगळे हसले. "बारला अनुदान! उद्या पेपरात नाव येईल तुझं."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. गाण्यात तिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे, लग्नाआधी सहा वर्षं शिकलेली आहे ती. ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुम्ही या गाण्यांबद्दल सांगताय. मला एकदा तरी नेलंत का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी बारला फोन लावला. मिसेसना घेऊन ऑर्केस्ट्रा ऐकायला यायचंय, पुढचं टेबल मिळेल का, असं विचारलं. मॅनेजर क्षणभर गप्प. मग अगदी अदबीने म्हणाला, "सर, मॅडम असतील तर फॅमिली सेक्शन वरती आहे ना. काळजी नको, वर पण स्पीकर लावलाय."