कूपनावरचे फॉव

सकाळी सकाळी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बॅनर येऊन पडला. 'भव्य पोहे महोत्सव'. चावदिसाच्या संध्याकाळी, शाळेच्या मैदानावर, पाच प्रकारचे पोहे, कूपन दीडशे रुपये, सोबत ऑर्केस्ट्रा. आणि फोटो कसला? पिवळ्याधमक कांदेपोह्यांचा, वर शेव आणि लिंबाची फोड! अरे, चावदिसाच्या फोवांवर, म्हणजे पोह्यांवर, शेव कधी पडली होती? चहा गार झाला माझा.

घाटावरच्या मित्रांसाठी सांगते. नरक चतुर्दशी म्हणजे आमचा सिंधुदुर्गातला चावदिस. पहाटे आंघोळ, मग तुळशीकडे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट, म्हणजे एक छोटं रानफळ, फोडायचं, 'गोविंदा'ची आरोळी ठोकायची, त्या कडूजहर कारिटाचा थेंब जिभेला लावायचा आणि मग फॉव. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळखोबऱ्याचे, फोडणीचे. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. हळवं भात नुकतंच कापून घरात आलेलं असायचं, त्याचेच फॉव. गोव्यातही हाच थाट.

पण फॉव घरी खाण्यासाठी नसायचेच हो! घरोघरी जाऊन खाण्यासाठी असायचे. अख्खी वाडी हिंडायची, प्रत्येक घरी दोन घास.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. वरच्या घराशी आमचं बोलणं बंद होतं. मेरेवरचं, म्हणजे बांधावरचं भांडण, दोन काजूंसाठी कोर्टापर्यंत गेलेलं. चावदिसाला आजीने मला एकटीलाच तिकडे पिटाळलं. म्हणाली, "आज खंयच्या घरात नाय म्हणूचा नसता. एक घास तरी खाऊन ये." मी उंबऱ्यात उभी, पाय जमिनीला चिकटलेले. वरच्या घरची काकी बाहेर आली, "इलंस? बस." एवढंच. पितळी ताटलीत गुळाचे फॉव आणून दिले आणि मी खाईपर्यंत शेजारी बसून राहिली. खोबरं जरा जास्तच घातलं होतं. तासाभराने त्यांचा मुलगा आमच्या पडवीत येऊन बसला. खटला पुढे सात वर्षं चाललाच म्हणा, पण चावदिसाला कोणाचा उंबरा कोणाला बंद नव्हता.

आता सांगा, कूपनाच्या रांगेत हे कसं होणार? रांगेत माणूस पुढच्याची पाठ बघतो.

आणि ते फॉव येणार कुठून? बाजारातल्या पिशवीतून. आजी भात रात्रभर भिजवायची, खापरात भाजायची आणि गरम असतानाच व्हायनात, म्हणजे उखळात, ओतायची. दोघी समोरासमोर मुसळं घेऊन उभ्या. निवलं की चपटं व्हायचं सोडून चुरा होतो, म्हणून बोलायलाही फुरसत नसायची. सुपात पाखडताना कोंडा आजीच्या पापण्यांवर बसायचा. बचत गटाच्या बायकांना चार पैसे मिळतील, हे मान्य. मिळू देत. पण मग त्याला जत्रा म्हणा, चावदिस म्हणू नका!

एवढं लिहून ग्रुपवर टाकणार होते. आधी आयोजकालाच फोन लावला. तो वरच्या घरचा नातू, म्हणजे त्याच काकीचा. मी भांडले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, वाडीत चौदा घरं. चूल पेटता पाच घरांत. बाकीच्यांका कुलपं. आजी पाच तऱ्हेचे फॉव करून वाट बघता नि कोण येणा नाय. गेल्या वर्षी गाईक घातले."

मी गप्प.

त्या कुलपांतलं एक आमचं आहे. नऊ वर्षं मी चावदिसाला गावी गेले नाही. रजा नाही, तिकीट नाही, मुलीची परीक्षा. दरवर्षी काहीतरी असतंच. इथे मुंबईत बसून मला शेव खुपते.

शेवटी तो म्हणाला, "आजी इचारता तुका. खोबरा आवडता मगो तुका?"

इतक्या वर्षांनी तिच्या लक्षात आहे. मला वाटायचं फक्त माझ्याच आहे.

तिकीट बघितलं. वेटिंग एकशे बारा. एसटीने येईन, नाहीतर उभ्याने येईन. मैदानावरही येईन, ऑर्केस्ट्राही ऐकेन. पण आधी वरच्या घरी.

आणि मेल्यांनो, त्या बॅनरवरची शेव तेवढी काढा.