सर्व्हेवाली ताई दारात आली तर

सगळ्यात आधी सुनेला चहा टाकायला आत पाठवा. ताई नको नको म्हणेल, तरी पाठवा. त्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे एनएफएचएसमध्ये, 15 ते 49 वयाच्या बाईशी एकटीशी बोलायचं असतं म्हणे, आणि बाईला घरात एकटी सापडू न देणं हे आपल्याइतकं कुणाला जमतं सांगा.

आमच्या सिडकोत 2019 ला पाचवी फेरी झाली तेव्हा शेजारच्या काकूंनी हे काय सुंदर निभावलं! मी भिशीचे पैसे द्यायला गेले होते आणि अर्थातच थांबले. ताई म्हणजे बावीस-तेवीसची पोरगी, उन्हातून आलेली, मांडीवर टॅब, ओढणीने घाम पुसतेय, आणि काकू मेथीची जुडी घेऊन बरोबर दोघींच्या मधोमध. "आजी, मला वहिनींशी जरा एकटीशी बोलायचं होतं." "बोल की, मी कुठे ऐकतेय, मी भाजी निवडतेय." मग ताईने विचारलं, तांबी कधी बसवली होती का, गोळ्या वगैरे? सुनेचं तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "छे, आमच्यात तसलं काही नाही, दोन झाली की डायरेक्ट ऑपरेशन." सुनेने मान हलवली, ती हो अशी की नाही अशी ते मला तरी कळलं नाही, पण टॅबमध्ये मान टिपायला जागाच नसते त्यामुळे काळजी नको.

वय सांगताना गोल आकडा सांगा, तीस, पस्तीस, चाळीस. वयाच्या आलेखात 0 आणि 5 ने संपणाऱ्या वयांवर जे सुळके दिसतात ते लोकांनी असंच पिढ्यान् पिढ्या कष्टाने उभे केलेत, त्यात आपलाही खारीचा वाटा असू द्या. आणि मधेच एखादं पोटात टिकलं नव्हतं, पाडलं होतं, असलं काही विचारलं तर घरात कुणालाच आठवत नाही हे लक्षात ठेवा.

आता पुरुषमंडळी. तुम्हाला फारसं काही करायचंच नाहीये, तुमची तयारी आधीच झालेली आहे. देशभरात त्या फेरीत बायकांना विचारलं सव्वासात लाखाच्या आसपास आणि पुरुषांना लाखभर, म्हणजे तुमच्या दारात ते येण्याची शक्यताही कमीच. तरी आलेच तर छातीठोक सांगा, पाळणा थांबवणं हे बायकांचं खातं आहे, पुरुषाने त्यात डोकं घालायचं कारण नाही. एकटे पडणार नाही तुम्ही, 35 टक्के पुरुषांनी याला हो म्हटलंय. उरलेल्यांनी हो म्हटलं नाही, छान वाटलं ऐकून, पण मग नसबंदीचा आकडा बघितला. बाईचं ऑपरेशन झालेली जोडपी 37.9 टक्के आणि नवऱ्याचं झालेली 0.3. हजारात तीन! आधीच्या, 2015-16 च्या फेरीतही 0.3 च होते, कुठे तरी सातत्य लागतंच ना माणसाला.

कुणी म्हणालंच की पुरुषाचं बिनटाक्याचं असतं, थोड्या वेळात होतं, त्याच दिवशी घरी सोडतात, फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं, तर लगेच कमरेला हात लावून म्हणा, "नाही हो, आम्हाला वजनं उचलावी लागतात." हे वाक्य मी अंबड एमआयडीसीत खुर्चीवर बसून एक्सेल भरणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलंय, ज्यांच्या घरी गॅसचा सिलिंडर बायको घरंगळत नेते. र. धों. कर्व्यांनी 1921 ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, शंभर वर्षं होऊन गेली, पण घाई कशाला.

हे सगळं झालं की मिसळीवर बसून लोकसंख्येच्या स्फोटाचा फॉरवर्ड पाठवा. त्याच सर्व्हेप्रमाणे 1992-93 ला बाईमागे सरासरी 3.4 मुलं होती ती पाचव्या फेरीत देशात 2.0 आणि महाराष्ट्रात 1.7 वर आली होती, लोकसंख्या जेमतेम टिकायला 2.1 लागतात, असलं काही ग्रुपवर टाकू नका, रस्सा गार होतो.

फक्त एका बाबतीत काकू चुकल्या, तेवढं तुम्ही सांभाळा. शेवटी शेवटी ताईने विचारलं, "एकही मूल नव्हतं तेव्हापर्यंत मागे जाता आलं असतं आणि तुम्हीच ठरवायचं असतं, तर आयुष्यात एकूण किती मुलं हवी असती?" काकू म्हणाल्या, "दोन लिही. एक मुलगा, एक मुलगी, आहेत तशीच." ताई सुनेकडेच बघत राहिली. आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, तिसरी, डाळ करपेल म्हणून काकू मेथी टाकून आत धावल्या. सून खाली वाकून काहीतरी बोलली, मी दारातच होते तरी ऐकू आलं नाही, ताईने एकदा तिच्याकडे बघितलं आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

"काय लिहिलंस गं?" काकू पदराला हात पुसत बाहेर.

"झालं आजी, संपलं."

तेव्हा चहा ठेवा, पोहे ठेवा, काय हवं ते ठेवा. कुकर तेवढा लावू नका.