वाटाण्याएवढं औषध, गंगावेशभर बातमी

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर, दहा-अकरा माणसांसमोर मी गरोदर राहिले. मागितलं होतं फक्त पिंपल्सचं मलम.

आधीचं थोडक्यात सांगते. वय चौतीस. पहिला फोड आठवीत आला, तेव्हा 'दहावी झाली की जातात' म्हणाले. मग 'लग्न झालं की जातात', मग 'पोर झालं की जातात'. दहावी झाली, लग्न झालं, पोरगं दुसरीत गेलं. आता आमच्या मावशी 'पाळी गेली की जातात' इथवर आल्यात. याला तारुण्यपीटिका असं नाव ज्या कुणी ठेवलं, त्याला एकदा माझी हनुवटी दाखवायची आहे.

शेवटी गेल्या महिन्यात स्किनच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. हनुवटी आणि जबड्याची कड हा पट्टा बहुतेक हार्मोन्सचा, असं त्या म्हणाल्या आणि यादी सुरू झाली. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश. रात्री ॲडापलीनचं मलम, वाटाण्याएवढं, पण अख्ख्या चेहऱ्याला. ढग असले तरी सनस्क्रीन. केसांना तेल चापून झोपायचं नाही. गाडीवर तोंडाला बांधतो तो स्कार्फ रोज धुवायचा. उशीचा अभ्रा बदलायचा. फोडायचं नाही, खरवडायचं नाही, आरशासमोर जाऊन मोजायचंही नाही. "पहिले काही आठवडे उलट जास्त येतील. बारा आठवड्यांच्या आत फरक विचारायला येऊ नका."

"आणि तिखट?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

तिखटाने पिंपल्स येतात याला काही पुरावा नाही म्हणाल्या. तिथंच पाय धरावेसे वाटले. वीस वर्षं ज्या तांबड्या रश्श्यावर 'उष्णता, उष्णता' करत खटला चालला, तो निर्दोष सुटला. पिंजऱ्यात आले ते साखर, मैदा आणि दूध. काहींना यानं फरक पडतो, तीन महिने कमी करून बघा म्हणाल्या.

दूध! गंगावेशीजवळ राहणाऱ्या बाईला! आमच्याकडे संध्याकाळी म्हशी चौकात येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात, ग्लासावर चार बोटं फेस येतो, आणि माणसं उभ्या उभ्या तो ग्लास रिकामा करून मिशी पुसत घरी जातात. इथे राहून दूध बंद आहे म्हणणं म्हणजे आळंदीत राहून तुळशीच्या माळेची ॲलर्जी सांगण्यासारखं.

तरी सगळं पाळलं. एक तेवढं ऐकलं नव्हतं, की बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवतं. ह्यांच्या मरून टॉवेलवर आता माझा चेहरा आहे. दोन गाल, खाली हनुवटी, सगळं पिवळट पांढरं, आणि मधे नाकाच्या जागी तेवढा मरून राहिलेला. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यापायी वॉशिंग पावडर दोनदा बदलली. मी गप्प आहे.

शिवाय वाटाण्याएवढं म्हणजे किती, यावर माझा आणि डॉक्टरीणबाईंचा मतभेद असावा, कारण पंधरा ग्रॅमची ट्यूब चौथ्याच आठवड्यात संपली. चेहरा तेव्हा ऐन 'उलट जास्त येतील'मध्ये होता. तसाच घेऊन मंगळवारी मेडिकलात गेले.

गर्दी होती. काउंटरवर नवीन पोरगा. मी चिठ्ठीची घडी उलगडून, नावावर बोट ठेवून, लाच देताना लावतात तसा आवाज लावून म्हटलं, "हे एक द्या."

"काय?"

"हे. ॲडापलीन."

पोरगा आत गेला आणि आतून ओरडला, "पिंपलचं ना मॅडम?" चार माना वळल्या. तो ट्यूब घेऊन आला, उलटी करून बारीक अक्षर वाचलं, आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणतात त्या पट्टीत म्हणाला, "मॅडम, दिवस गेले असतील तर हे लावायचं नाही हं."

वाक्यात 'असतील तर' होतं. माझी तक्रार नीट समजून घ्या, 'असतील तर' होतं. पण गर्दीत 'असतील तर' कुणाला ऐकू जात नाही. 'दिवस गेले' तेवढं जातं.

"कुणाला दिवस गेलं?"

हे तात्या. बी.पी.च्या गोळ्यांसाठी रांगेत होते. पंच्याहत्तरीचे पैलवान. कान फुटून भज्यासारखे झालेले, मान हा अवयव जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यावर. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ सालचं, तात्यांचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. तरी मैदानाची दगडमाती स्वतः वाहिल्यासारखे बोलतात. तिथं मारलेली एक कुस्तीही सांगतात. ती कुणाशी झाली, ते दर वेळी बदलतं.

"तू बापूची सून न्हवं?"

"व्हय तात्या. पण दिवस-बिवस काय न्हाई हो, ते औषधाचं नियम सांगालाय तो..."

"आणि तोंडाला काय झालंय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकायचं राहूनच गेलं. "हिकडं ये, उजेडात," म्हणून त्यांनी मला दंडाला धरून ट्यूबलाइटखाली उभं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझा चेहरा डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिला. बाजारात म्हैस पारखतात त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. म्हशीला निदान मध्ये मान झटकता येते.

"गोवर काय गं?"

"पिंपल्स आहेत तात्या."

"ह्या वयात?"

हे 'ह्या वयात' मला अजून झोपताना ऐकू येतं.

तोवर रांग मोडून मंडळ जमलं होतं. खोकल्याचं औषध न्यायला आलेली एक बाई म्हणाली, उष्णता असणार, सब्जा घ्या. एक जण म्हणाला टूथपेस्ट. मागून एका सद्गृहस्थांनी, ज्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही, अत्यंत सुसंस्कृत स्वरात विचारलं, "पोट साफ होतं का?" दहा-अकरा माणसं उत्तराची वाट बघत होती.

"गप बसा की!" तात्यांनी हात वर केला. "ह्येला औषध एकच. माती."

"माती?"

"तालमीतली. साधी न्हवं. त्यात ताक हाय, लिंबू हाय, हळद हाय, त्याल हाय, कापूर हाय. तुझ्या त्या ट्यूबीत काय हाय?" ट्यूब त्यांनी पोराच्या हातातून घेतली, वजन केलं. "एवढंसं! आमी तीस वरीस मातीत लोळलो. हे बघ गाल. हात लाव."

"नको तात्या."

"लाव म्हणतोय न्हवं?"

लावला. भर गंगावेशीत, संध्याकाळच्या धारेच्या वेळी, मी एका पंच्याहत्तर वर्षांच्या पैलवानाच्या गालाला हात लावला. आणि खोटं कशाला सांगू, गाल गुळगुळीत होता. राग त्याचाच जास्त आला.

"पण तालमीत बायकांना..."

"तू कशाला आत येतीस? पुडी धाडतो की. लाव आणि सांजच्याला शेरभर दूध पी. म्हशीचं. धारोष्ण."

"डॉक्टरांनी दूध बंद केलंय."

असं शांत मी ते मेडिकल कधी पाहिलं नव्हतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे, मग छताकडे, आणि अत्यंत दुखावल्या आवाजात म्हणाले, "पोटुशी बाईला दूध बंद?"

"मी जातो," असं मीच म्हणाले आणि निघाले. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'जातो', 'येतो'च म्हणतो, लिहायला बसलो की तेवढ्या 'गेले', 'आले' होतो. आमच्या पतसंस्थेत नवीन बदलून आलेल्या पुण्याच्या मॅडम याला अशुद्ध म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या गालावर एक फोड नाही, त्यांना शुद्धलेखन परवडतं.

पतसंस्थेचं निघालंच आहे तर, मी खिडकीवर बसते. ठेवीदार पासबुक आत सरकवतात आणि व्याजाचा दर विचारायच्या आधी म्हणतात, "मॅडम, कोरफड लावा." पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे लोक आडून आडून विचारतात. तोंडावरचा फोड मात्र नगरपालिकेच्या नळासारखा, कुणीही यावं आणि हात लावावा. आजवर मला मुलतानी माती, जायफळ, चंदन, लिंबू आणि एका काकांकडून स्वतःची थुंकी, तीही पहाटेची, इतकं सुचवून झालंय. बारा आठवडे थांब, असं एकानेही म्हटलेलं नाही. थांबा म्हणणारा सल्ला कुणाला द्यायचाच नसतो, त्यात देणाऱ्याचं काही दिसत नाही.

त्या पोराचा मला राग नाही, हे मात्र लिहून ठेवते. ॲडापलीनच्या घराण्यातली औषधं गरोदरपणी टाळायची असतात, तो बरोबरच बोलला. फक्त आवाज कमी करायला हवा होता. बावीस वर्षांची असताना मला बघायला पाहुणे येणार होते. आईने अशाच एका काउंटरवरून 'चार दिवसांत फरक' असं सांगितलेली ट्यूब आणली. तेव्हा कुणी काही वाचून दाखवलं नाही, चिठ्ठी मागितली नाही. चौथ्या दिवशी चेहरा खरोखर सायीसारखा. पाहुणे आले, पोहे खाल्ले, पसंती कळवली. मी ती आठ महिने लावली. बंद केली की आग, लाली आणि दुप्पट फोड. परत लावली की शांत. त्यात स्टेरॉईड होतं, जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन, हे डॉक्टरीणबाईंनी मला आत्ता, जुन्या फोटोतली ट्यूब पाहून सांगितलं. गालावर केसाएवढ्या लाल शिरा राहिल्यात, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की दिसतात. मी धरते अधूनमधून.

२०१८ साली सरकारने असली स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आणि परवा शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीच्या पर्समधून कंगवा घेताना तीच ट्यूब हाताला लागली. चिठ्ठी कुणाची म्हटलं तर हसली. तिला कुणी ट्यूबलाइटखाली उभं करत नाही. तिला सगळे 'काय उजळलीस गं' म्हणतात. तिच्या आईशी बोलायचं म्हणून मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. माझा सध्याचा चेहरा घेऊन हा विषय काढला तर ऐकणार कोण?

असो. मेडिकल ते घर गाडीवर पाच मिनिटं. बातमी चारमध्ये पोचली होती. आत्ती पायरीवर उभ्या होत्या.

"गाडीवरनं कशाला गेलीस?" एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत पंधरा ग्रॅमची ट्यूब होती.

मी तिथंच पायरीवर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोरगा, 'असतील तर', तात्या, माती. आत्ती फार समजूतदार आहेत, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी मी म्हटलं, "डॉक्टरांनी बारा आठवडे थांबायला सांगितलंय, तोवर काही कळणार नाही."

आत्तींच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. "बरोबर हाय. तीन म्हैनं कुणाला सांगायचं नसतंयच."

ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. मरून टॉवेलने डोळे पुसत हसले, तेवढाच सूड.

बुधवारी तालमीतला एक पोरगा पुडी घेऊन आला. पुडी म्हणजे दोन किलोची पिशवी. तांबडी, मऊ माती, कापराचा वास, त्यामागे हळदीचा आणि त्यामागे चांगल्या वीस-पंचवीस पैलवानांचा. आत्तींनी तिच्यातली ओंजळभर तुळशीला घातली. उरलेली बाल्कनीत आहे. गुरुवारी चौकात तात्या भेटले, "लावालीस न्हवं?" म्हणाले, मी "व्हय" म्हटलं. आता आठ आठवड्यांनी चेहरा साफ झाला तर ते मातीमुळे, आणि नाही झाला तर मी दूध बंद केल्यामुळे, हे ठरून गेलेलं आहे.

कारण दुधाचं वेगळंच होऊन बसलंय. रोज संध्याकाळी आत्ती कट्ट्यावरून दूध मागवतात, केशराच्या चार काड्या टाकून ग्लास माझ्या हातात देतात आणि समोर उभ्या राहतात. पहिले दोन दिवस मी ते खोलीत नेऊन पोराला, आदूला, पाजलं. तिसऱ्या दिवशी आदूने संप केला. काल मग पाठीमागे कुणी नाही असं बघून बेसिनवर वाकले आणि आवाज होऊ नये म्हणून बारीक धारेने ओतत राहिले.

मागून पाठीवर हात आला. गोल गोल फिरायला लागला.

"असू दे, असू दे," आत्ती म्हणाल्या. "आदूच्या वेळंला बी तुला असंच व्हायचं."