बिडी पेटवा भाऊ, पण कापसापासून दूर

भाऊ, कापूस घरात आला, भाव नाही म्हणून समोरच्या खोलीत पाटईपर्यंत भरून ठेवला, तर एक नियम कडक पाळा. त्या खोलीत बिडी पेटवायची नाही. एक ठिणगी पडली का वर्षभराची मेहनत गेली. बिडी घेऊन सरळ मधल्या खोलीत या, जिथं लेकरं झोपून राहते. लेकरू काही कापसासारखं भडकन पेट घेत नाही.

थंडीचे दिवस आहे, खिडकी लावून घ्या. धूर बाहेर गेला तर शेजाऱ्याले फुकट भेटते, बिडीच्या कट्ट्याचे पैसे तर तुमी मोजले न! एसटी स्टँडवर मात्र पिऊ नका, 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी बंदी आहे, 200 रुपयांपर्यंत दंड बसते. तिथं अनोळखी लोकांची काळजी सरकार घेते. घरच्यांची काळजी घ्यायले तुमी आहाच.

बिडी पोट्ट्यालेच आणायले लावा. अठराच्या आतल्याले विकता येत नाही म्हणे, पण पानठेलेवाला आपलाच माणूस. आणली का म्हणा, जा बे, चुलीतून पेटवून आण. आता पेटवताना एक झुरका त्याले मारावाच लागते, मधातच विझली तर तुमीच ओरडसान. आपल्यालेबी आबाजीनं असंच शिकवलं होतं, शाळेची फी लागली नाही.

सून दोन जिवाची असन तर पपई अजिबात खाऊ देऊ नका, गरम पडते. ग्रहणात घराबाहेर पाठवू नका. मंग तिच्या बाजेपाशी बसून निवांत दोन बिड्या ओढा अन बाळ कमी वजनाचं झालं तर सांगा का पोरगी माहेरूनच अशक्त होती. ही युक्ती मी स्वतः तीन घरी पाह्यली, शंभर टक्के चालते.

लेकराले दमा लागला, कान फुटला, सारखा न्यूमोनिया होते, तर म्हणायचं वातावरण बदललं. डॉक्टरनं विचारलंच का घरात कोणी पिते का, तर छाती ठोकून सांगा, मी तर अंगणातच पितो. अन दुपट्ट्याले, गोधडीले जे चिकटून आत येते त्याचा विषय काढू नका. बैलानं वैरण सोडली तर मात्र त्याच रात्री डॉक्टर बोलवा, बैलाची किंमत असते.

कोणी बिडी सिगारेटपेक्षा वाईट म्हटलं तर सांगा, तेंदूपत्ता आपल्या गोंदिया-गडचिरोलीचा, एकदम झाडपाल्याचं औषध. त्या पानातून हवा नीट जात नाही म्हणून विझू नये यासाठी सारखे झुरके मारावे लागते अन डांबर, निकोटीन उलट जास्तच छातीत जाते, हे पानठेल्यावर बोलायचं नाही, मूड जाते सगळ्यायचा.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते का दरसाली दहा लाखांहून जास्त माणसं दुसऱ्याच्या धुरानं मरते. जन्मात एक कट्टा विकत घेतला नाही यायनं, फुकटे! सिगारेटच्या पाकिटावर व्यसन सोडायसाठी 1800-11-2356 नंबर राहते, तोबी फुकटच आहे, म्हणून तर त्याले कोणी किंमत देत नाही.

अन हो, भाव थोडा वाढला का कापूस विकून टाका, गाडी भरून जिनिंगले पाठवा. समोरची खोली रिकामी होते, चांगली ऐसपैस आहे, बाळाचा पाळणा तिथंच बांधा. आता तिथं बिडी पेटवायले काही हरकत नाही.